गुरुजींची पदवी आणि मुलांचे वाचन



उन्हाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसून व्याख्याने ऐकण्याची गोडी न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याला लावली ती १८७५ साली. त्या वेळी ठाण्याच्या खाडीच्या या काठावर मिठागरे होती, भातखाचरे होती आणि आगरी-कोळ्यांची गावे होती. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, गावांच्या जमिनींवर शहर उभे राहिले आणि १९९२ च्या प्रारंभी नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. आज याच काठावर वसंत व्याख्यानमालेला एवढे श्रोते जमतात, हे पाहून आम्हाला समाधान वाटते. विषय निवडण्याची मोकळीक मिळाली तेव्हा आम्ही थोडा रूक्ष विषय घेतला. प्राथमिक शाळेतले मूल वाचायला कितपत शिकते, आणि त्याला शिकवणाऱ्याचे स्वतःचे शिक्षण किती झाले आहे याचा त्याच्याशी काय संबंध आहे, हा तो विषय होय. विषय रूक्ष खरा; पण तिसरीत गेलेल्या ज्या मुलाला ओळ वाचता येत नाही, त्याला पुढच्या प्रत्येक इयत्तेत इतिहास, भूगोल आणि गणितसुद्धा मुके होऊन बसतात. तेव्हा त्या मुलाच्या दृष्टीने हा जन्माचा प्रश्न आहे.

याविषयी आपल्या घराघरांतून दोन मते ऐकू येतात. आजोबा म्हणतात, आमचे मास्तर नुसते फायनल झालेले होते, पण आम्हांला खडखडीत वाचता येई. मुलगा म्हणतो, ते दिवस गेले, आता शिक्षक द्विपदवीधर हवेत. दोन्ही मतांत काही तथ्य आहे, पण मुळाशी दोघेही एकच गोष्ट गृहीत धरतात. शिक्षकाची योग्यता त्याच्या प्रमाणपत्रावरून मोजावी, असे दोघांनाही वाटते. एकाला ते कमी असल्याचे कौतुक, दुसऱ्याला जास्त असल्याची आशा.

आजोबांचे म्हणणे आधी पाहू. व्हर्नाक्युलर फायनल ही सातवीची परीक्षा. ती उत्तीर्ण झालेला तरुण गावच्या शाळेत मास्तर होई, पुढे जमल्यास ट्रेनिंग कॉलेजात जाऊन पी.टी.सी. होई. त्या मास्तरांचे अक्षर मोत्यासारखे होते, पाठांतर पक्के होते आणि गावात मान होता, हे सारे खरे. परंतु १९५१ च्या जनगणनेत भारतात साक्षरांचे प्रमाण शंभरात सुमारे अठरा होते, हेही खरेच. ज्याला वाचता येत नसे ते मूल त्या शाळेत टिकतच नसे. ते गुरांमागे जाई, किंवा मुलगी असल्यास धाकटे भावंड कडेवर घेई. जे टिकले त्यांच्या आठवणी आपण ऐकतो. जे गळले त्यांना आठवणी लिहिता आल्या नाहीत! आज प्रत्येक मूल शाळेच्या पटावर आहे, आणि गळून जाणारे मूल आता वर्गातच मागच्या बाकावर बसते. म्हणून जुन्या मास्तरांची आणि आजच्या शिक्षकांची तुलना करताना दोघांसमोरचे वर्ग सारखे नव्हते, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता चिरंजीवांचे म्हणणे. फायनलच्या जागी शालान्त परीक्षा आली, तिच्या जागी बारावी आणि त्यावर दोन वर्षांची शिक्षण पदविका आली. बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला. पुढच्या वर्षी राष्ट्रीय शिक्षक शिक्षा परिषदेने किमान अर्हता ठरवून दिल्या आणि शिक्षक पात्रता परीक्षा आणली. महाराष्ट्रात ही परीक्षा प्रथम डिसेंबर २०१३ मध्ये झाली. म्हणजे प्रत्येक पिढीगणिक शिक्षकाच्या शिक्षणाचा एकेक मजला चढत गेला. वर्गातले वाचनही त्याच मापाने चढले काय?

‘प्रथम’ या संस्थेच्या प्रेरणेने २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी देशाच्या ग्रामीण भागात होत आली आहे. कार्यकर्ते घरोघर जातात आणि मुलाच्या हातात एक कागद देतात. त्यावर अक्षरे असतात, सोपे शब्द असतात, पहिलीच्या योग्यतेचा एक लहान उतारा आणि दुसरीच्या योग्यतेची एक गोष्ट असते. मूल कोठवर जाते ते टिपून घेतात. २००६ साली पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी शंभरात ५३ होती. बारा वर्षांनी, २०१८ साली, ती ५० च्या आसपास होती. २०२२ मध्ये ४३ वर आली आणि २०२४ मध्ये पुन्हा ४९ च्या घरात गेली. महाराष्ट्र या सरासरीच्या वर राहिला, हे आपले भाग्य. पण २०१८ नंतरची घसरण महाराष्ट्रालाही चुकली नाही.

या आकड्यांकडे नीट पाहावे. २००६ ते २०१८ या काळात कायद्याने शिक्षकांची अर्हता वाढली, वाचन मात्र वाढले नाही. त्यानंतर २०२२ पर्यंत शिक्षकांची अर्हता तीळमात्र कमी झाली नव्हती, तरीही शंभरामागे सात-आठ मुले वाचनातून गळाली. कमी झाले ते काय? मार्च २०२० पासून बराच काळ शाळांना कुलपे होती. गुरुजी आणि मूल एका पुस्तकावर वाकून बसत होते, तेवढेच नाहीसे झाले होते. प्रमाणपत्रे तर भिंतीवर जागच्या जागी होती.

कोणी म्हणेल, आपल्याकडची प्रमाणपत्रे पोकळ, परदेशांत तसे नाही. म्हणून फिनलंडचे उदाहरण घेऊ, कारण शिक्षणावरच्या व्याख्यानात फिनलंड हल्ली अपरिहार्य झाला आहे. तेथे प्राथमिक शिक्षकालाही पदव्युत्तर पदवी लागते आणि हा नियम सुमारे चार-साडेचार दशके चालत आला आहे. पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २००० साली त्या देशाला वाचनात ५४६ गुण होते. २०२२ साली ४९० झाले. शिक्षक तितकेच शिकलेले, गुण मात्र उतरलेले. फिनलंडची शाळा वाईट झाली असा याचा अर्थ आम्ही लावत नाही; घरातल्या पुस्तकाची जागा पडद्याने घेतली, याचाही त्यात हिस्सा असेल. एवढे मात्र दिसते की, शिक्षकाची पदवी आणि मुलाचे वाचन या दोन रेषा एकमेकींचा हात धरून चालत नाहीत.

मग वाचन कशाने येते? येथे थोडे अक्षराजवळ जावे लागेल. आपण मोठी माणसे वाचताना अक्षरे पाहत नाही, त्यामुळे ती शिकणे किती अवघड असते याचा आपल्याला विसर पडतो. मराठीत मूळ व्यंजने तिसांहून अधिक आणि त्या प्रत्येकाची बाराखडी. काही स्वरचिन्हे व्यंजनाच्या डोक्यावर बसतात, काही पायाशी, काही पुढे. आणि पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येत असून लिहिण्यात त्याच्या आधी उभी राहते. त्यानंतर जोडाक्षरे आणि रफार. आमच्या परंपरेत आधी सगळी अक्षरे, मग सगळी बाराखडी आणि मग शब्द, असा क्रम होता. त्यामुळे कित्येक महिने मुलाला अर्थाची चवच मिळत नसे. ‘क ला काना का, क ला काना का’ असे म्हणून झाल्यावर ‘काका’ हा शब्द तयार झाला आहे हे कित्येकांच्या ध्यानातही येत नसे!

फलटणला मॅक्सीन बर्नसन या बाईंनी हाच क्रम मोडला. जन्माने अमेरिकन, पुढे भारताच्या नागरिक झालेल्या या विदुषींनी फलटणच्या बोलीवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली आणि १९८४ साली तेथेच प्रगत शिक्षण संस्था काढली. थोडी अक्षरे आणि एखाददुसरे स्वरचिन्ह शिकवून त्यांतूनच लगेच शब्द आणि वाक्ये वाचू द्यावीत, म्हणजे वाचणे हे पहिल्या आठवड्यापासून अर्थाचे काम होते, अशी त्यांची रीत. आता पाहा, या बाई डॉक्टर आहेत. तेव्हा उच्च शिक्षणाचा उपयोग नाही असे आमचे म्हणणे नाही. त्यांच्या पदवीचा उपयोग झाला, कारण ती त्या गावातली माणसे कशी बोलतात याच विषयात होती, आणि ती घेऊन त्या मुलांच्या शेजारी जाऊन बसल्या.

बोलीचा हा मुद्दा आपल्या नवी मुंबईला फार लागू आहे. गावठाणातल्या आगरी घरात ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणतात. तेथले मूल पुस्तकात ‘पाणी’ पाहून ‘पानी’ म्हणते, तेव्हा ते चुकलेले नसते. त्याने अक्षर ओळखले, शब्द ओळखला, अर्थ जाणला आणि आपल्या आईच्या उच्चाराने तो बोलून दाखवला. हे वाचनच आहे. ज्या शिक्षकाला हे कळते तो मुलाला पुढची ओळ देतो. ज्याला कळत नाही तो तेथेच थांबवून पाच वेळा ‘ण, ण’ म्हणवून घेतो, आणि आपल्याला वाचता येत नाही अशी त्या मुलाची कायमची समजूत होते. दोघा शिक्षकांची पदविका एकाच नमुन्याची असते.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातूनच तयार करावेत, म्हणजे ते त्या लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना बरा पगार मिळावा, हेही त्यांनी त्याच कागदात मागितले होते. ही तिन्ही मागणी एकत्र वाचली पाहिजेत. आमच्या राज्यकर्त्यांनी त्यांतले प्रशिक्षण तेवढे उचलले. पगाराचे म्हणाल, तर २००० साली शिक्षणसेवकांची योजना आली तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकाला महिना तीन हजार रुपये मिळत. ते मानधन सोळा हजार व्हायला २०२३ साल उजाडावे लागले.

आता खाडीपलीकडे, मुंबईत काय घडले ते जरा सविस्तर सांगतो, कारण या विषयावरचा इतका चोख पुरावा आमच्या परिचयात दुसरा नाही. महापालिकेच्या शाळांत तिसरी-चौथीची जी मुले मागे पडली होती, त्यांच्यासाठी ‘प्रथम’ने ‘बालसखी’ नेमल्या. या बालसखी म्हणजे त्याच वस्तीतल्या, बहुधा दहावी झालेल्या तरुण मुली. दोन आठवड्यांच्या आसपास प्रशिक्षण, आणि महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मोबदला. शाळेच्या वेळातले दोन तास, पंधरा-वीस मुलांना वेगळे बसवून, त्यांना जेथवर येते तेथून पुढे शिकवायचे, एवढेच काम. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबई आणि बडोदे येथे २००१ ते २००३ या काळात या कामाची मोजणी केली. बालसखी कोणत्या शाळेला मिळेल आणि कोणत्या इयत्तेला, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते, त्यामुळे तुलनेत पक्षपाताला जागा नव्हती. निकाल असा आला की, बालसखी मिळालेल्या वर्गांची प्रगती दुसऱ्या वर्गांपेक्षा ठळकपणे जास्त झाली, आणि दुसऱ्या वर्षीची वाढ पहिल्या वर्षीच्या दुप्पट होती. या संशोधकांपैकी बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बॅनर्जींचे आजोळ मराठी आहे, हे सांगण्याचा मोह आम्हाला आवरत नाही.

दहावी झालेल्या मुलीने हे केले, आणि वर्गातल्या पदविकाधारक शिक्षकाला ते जमत नव्हते. याचा अर्थ ती अधिक हुशार होती असा नाही. शिक्षकासमोर चाळीस-पन्नास मुले, डोक्यावर अभ्यासक्रम पुरा करण्याची टांगती तलवार, आणि पाठ चौथीचा. बालसखीसमोर वीस मुले, तलवार नाही, आणि पाठ मुलाच्या पायरीचा. उद्या त्याच शिक्षकाला तीच मोकळीक दिली, तर तो तेच काम कदाचित तिच्याहून चांगले करील. या प्रयोगाचे उणेही सांगितले पाहिजे. गणितातली वाढ भाषेतल्या वाढीपेक्षा जास्त होती. आणि बालसखी निघून गेल्यावर वर्षभराने कमावलेल्यातले पुष्कळ ओसरले. वाचनाची सुरुवात करून देणे दहावीच्या शिदोरीवर जमते. पुढे मुलाला कवितेत, युक्तिवादात आणि विज्ञानाच्या पाठात उतरवायचे तर शिक्षकाची स्वतःची वाचनसंपत्ती लागते. म्हणून स्वस्तातल्या बालसख्या नेमून कायमचे शिक्षक कमी करावेत, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो आम्हाला मुळीच मान्य नाही. असा निष्कर्ष काढण्याची सरकारांना फार हौस असते.

या दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यात पाहायच्या असतील तर अनुताई वाघांचे चरित्र पाहावे. बालपणी विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य. फायनल होऊन नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यात शिक्षिका झाल्या, पुढे पुण्याच्या हुजूरपागेत शिकवताना रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या. १९४५ साली ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या. ताराबाई १९१४ च्या पदवीधर, गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या. एक पदवीधर आणि एक मॅट्रिक, अशी ही जोडी. पुढे १९५७ साली दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या पाड्यावर नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली. हे कोसबाड २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. अनुताई स्वतः पदवीधर झाल्या त्या १९६१ साली, पन्नाशी उलटल्यावर! त्या पदवीने त्यांचा पगार वाढावा असे काही नव्हते. शिकणे थांबवायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ. मुलांना वाचायला शिकवणारी व्यक्ती स्वतः शिकत राहिलेली असावी, ही अट आम्ही कोणत्याही अर्हतेच्या वर ठेवू.

आपल्या नगरीकडे परत येऊ. तुर्भे-दिघ्याच्या दगडखाणींवर आणि वस्त्यांत राहणारी मुले, कोपरखैरणे-घणसोलीत साताऱ्या-सांगलीकडून आलेल्या माथाडी कुटुंबांतली मुले, गावठाणातली आगरी-कोळी मुले, औद्योगिक पट्ट्यातली मराठवाड्यातून, कर्नाटकातून, उत्तर प्रदेशातून आलेली मुले, ही महापालिकेच्या शाळांची विद्यार्थिसंपत्ती. शाळा मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी अशा अनेक माध्यमांच्या. एका वर्गात चार बोली बसतात. घरी कानडी किंवा भोजपुरी बोलणाऱ्या मुलाला मराठी पुस्तक वाचायला शिकवणे हे काम, पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या मुलाला शिकवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. मग या कामासाठी शिक्षकाची तयारी वेगळी केली जाते काय? पदविकेचा अभ्यासक्रम दोन्हीकडे एकच. शिवाय ‘असर’ची पाहणी ग्रामीण भागात होते. खाडीच्या या काठाचा पाचवीचा मुलगा किती वाचतो, हे ती सांगू शकत नाही. रायगडच्या खेड्यातल्या मुलाची नोंद होते, वाशीच्या मुलाची होत नाही. आणि शहर म्हटले की सगळे ठीकच असणार असे आपण धरून चालतो.

या घटकेला हा प्रश्न अधिक तातडीचा झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी निकाल दिला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या, आधीपासून सेवेत असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी, असे त्यात सांगितले. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न तेवढा मोठ्या पीठाकडे सोपवला. वीस-वीस वर्षे शिकवणारे शिक्षक पुन्हा परीक्षेचा अभ्यास करू लागले. शिक्षकाची पात्रता तपासू नये असे आम्ही म्हणणार नाही. पण ही परीक्षा कशी आहे ते पाहा. दीडशे प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, वेळ अडीच तास. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस गुण. अडखळत वाचणारे एक मूल समोर बसवून, ते कोठे अडले आणि आता त्याला काय द्यावे, हे परीक्षार्थीला कोणी विचारत नाही. वैद्याची परीक्षा रोग्याशिवाय घ्यावी, तसा हा प्रकार. त्यातही २०२२ साली, २०१९ च्या परीक्षेतल्या गैरप्रकारांवरून सात हजारांहून अधिक उमेदवारांचे निकाल रद्द करावे लागले, हे या नोकरीच्या बाजारात प्रमाणपत्राला काय मोल आले आहे त्याचे द्योतक होय.

आपण श्रोते काही कायदे करत नाही. पण महापालिका आपली आहे, तिच्या शाळा आपल्या कराच्या पैशावर चालतात, आणि ज्यांची मुले खासगी इंग्रजी शाळांत जातात त्यांचाही त्या शाळांवर तितकाच हक्क आहे. म्हणून आमची विचारणा अगदी लहान आहे. आपल्या प्रभागातल्या शाळेत जाऊन नम्रपणे विचारावे की, तिसरीच्या प्रत्येक मुलाचे वाचन या सहामाहीत कोणी एकेकट्याने ऐकले काय, आणि ऐकले असल्यास त्याची वही कोठे आहे. गुरुजी म्हणतील, वेळ नाही; मतदारयाद्या आहेत, सर्वेक्षणे आहेत, पोषण आहाराचे हिशेब आहेत. त्यांचे म्हणणे खरे असेल. मग तीच तक्रार आपण नगरसेवकाकडे न्यावी, कारण गुरुजींनी नेली तर ती कामचुकारपणाची सबब ठरते आणि पालकांनी नेली तर ती मागणी ठरते. एका मुलाचे वाचन ऐकायला पाच मिनिटे पुरतात. चाळीस मुलांच्या वर्गाला दोनशे मिनिटे, म्हणजे साडेतीन तासांपेक्षाही कमी वेळ लागतो.